विजेला फॅट किती लागली?

वारणानगरच्या पंचक्रोशीत सकाळी कुठल्याही डेअरीपुढे पाच मिनिटे उभे राहा. एक प्रश्न तुमच्या कानी पडल्यावाचून राहणार नाही. "आज फॅट किती लागली?" किटली घेऊन आलेली म्हातारी असो, नाही तर शाळेला जाता जाता दूध घालणारा पोरगा असो, लिटरची चौकशी मागाहून, आधी फॅट. तात्यासाहेब कोऱ्यांनी या माळावर आधी साखर कारखाना उभा केला आणि १९६८ साली दूध संघाची पायाभरणी झाली. तेव्हापासून दोन पिढ्या हा प्रश्न विचारीत आल्या आहेत. दूध पांढरे आहे एवढ्यावर इथे कोणी समाधान मानीत नाही.

आणि वीज? तिच्याबद्दल आपण एकच विचारतो. "लाइट आहे का?" आहे म्हटले की संपले. दिवा लागला, पंखा फिरला, म्हणजे वीज आली. ती कशी आली, पुरेशी आली का, सरळ आली का, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. वाचकहो, मी तुम्हाला नावे ठेवीत नाही. गेल्या दिवाळीपर्यंत मीही तुमच्यातलाच होतो. त्या अज्ञानापायी माझ्या हातून एका भल्या माणसाचा जो अपमान झाला, त्याची हकीगत या सदरात सांगायची म्हणून वर्षभर मनात होते. संपादकांनी दिवाळीसाठी काही खुसखुशीत लिहा म्हणून सांगितले आहे. पण चकली नेहमीच खुसखुशीत होते असे थोडेच आहे?

माझ्या थोरल्या बहिणीचे घर वारणानगरपासून सायकलच्या टप्प्यावर एका गावात आहे. पुढे गिरणी, मागे घर. भाऊजी गेल्यापासून गिरणी भाचा चालवतो. पोरगा कष्टाळू. दळपाबरोबर कांडपही सुरू केले आणि हळूहळू बचत गटाच्या बायका दिवाळीची भाजणी, बेसन, अनारशाचे पीठ सारे त्याच्याकडूनच दळून नेऊ लागल्या. दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे त्या गिरणीचा सुगीचा हंगाम. दहा अश्वशक्तीची मोटार पहाटेपासून रात्रीपर्यंत फिरत असते.

गेल्या वर्षी नवरात्रात मी ताईकडे मुक्कामाला गेलो होतो. अष्टमीच्या संध्याकाळी गिरणीचा आवाज एकाएकी घोगरा झाला, पाठोपाठ लाखेसारखा जळका वास आला आणि भाचा घाम पुसत आत आला.

"मामा, मोटार परत गेली बघा!"

परत म्हणण्याचे कारण असे की गणपतीच्या आधी ती एकदा जळालीच होती. गावातल्याच मिस्त्रींनी ती नवीन वायंडिंग करून दिली होती. मिस्त्री साठीच्या पुढचे. चाळीस वर्षे आसपासच्या पाच गावांतले शेतीपंप त्यांच्याच हाताने भरलेले. दुसऱ्या दिवशी ते आले, मोटार उघडली, काळ्या पडलेल्या तारांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मालक, वायंडिंगला दोष नाही. दोनच फेजची गुंडाळी करपली आहे, तिसरी तशीच आहे. तुमच्या मेन स्विचकडं बघा एकदा. मी मागंही बोललो होतो."

भाच्याला राग आला. "मेन स्विचला काय झालंय? मीटर बघा की! दोनशेतीस दाखवतंय. तुम्ही तार हलकी घातली म्हणून सांगा सरळ."

आणि मी, पांढऱ्या केसांचा मामा, चार पुस्तके वाचलेला माणूस, मधे पडलो तो असा : "एकाच हातची मोटार दीड महिन्यात दोनदा जळते, याचा अर्थ समजायला इंजिनिअर कशाला हवा?" हे मी हळू बोललो नाही. दळण घेऊन उभ्या असलेल्या चार बायकांनीही ते ऐकले.

मिस्त्रींनी पिशवी उचलली. "तांबं खोटं नाही, साहेब," एवढे म्हणून ते गेले. पहिल्या कामाचे निम्मे पैसे भाच्याकडे राहिले होते, ते त्याने दिले नाहीत. गावात बोभाटा व्हायला काय वेळ लागतो? आठवड्याभरात दोघा बागायतदारांनी आपले पंप मिस्त्रींकडून उचलून कोल्हापूरला नेले, असे माझ्या कानावर आले. मला तेव्हा त्यात वावगे वाटले नाही, हे कबूल करतो.

मोटार कोल्हापूरहून भरून आणली. चार दिवस ठीक चालली. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्टार्टर आपोआप बंद पडला. भाच्याने दाबला, पुन्हा बंद पडला. "हा रिले फार नाजूक झालाय," असे म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्टार्टरमधली एक बारीक चकती फिरवून शेवटच्या आकड्यावर नेली. पूर्वीही तो असेच करीत असे, हे मला तेव्हा कळले.

त्याच वेळी ताई आतून बाहेर आली. "अरे, गिरणी जरा बंद कर बघू. देवघरातला दिवा पुन्हा मान टाकतोय. रोज संध्याकाळी हेच. तुझी गिरणी थांबली की आपला नीट होतो."

"आई, दिव्याचं राहू दे. इथं गिऱ्हाईक खोळंबलंय," भाचा म्हणाला.

ताईच्या शेजारची मुलगी तेवढ्यात भाजणी न्यायला आली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, विजेचाच विषय घेतलेली. तिने डबा खाली ठेवला आणि विचारले, "काकू, घरातले सगळेच दिवे मंद होतात, का एका बाजूचेच?"

ताई म्हणाली, "देवघर आणि स्वयंपाकघर. माडीवरचे चांगले असतात."

त्या पोरीने भाच्याला मोटार चालवू दिली नाही. घरी जाऊन ती चिमट्यासारखा एक मीटर घेऊन आली. तार न तोडता, नुसती चिमट्यात धरली की तिच्यातून किती प्रवाह चालला आहे ते हा मीटर सांगतो. मेन स्विचमध्ये येणाऱ्या तीन तारा तिने एकामागून एक धरल्या. मोटार सुरू केली. तीनही तारा व्यवस्थित. मग तिने घरातला गीझर आणि माडीखालच्या खोलीतला एसी लावायला सांगितला. दहा मिनिटे आम्ही सारे गप्प उभे. एकाएकी गिरणीचा सूर घोगरा झाला, देवघरातला दिवा पिवळा पडला आणि मीटरवर एका तारेचा आकडा शून्यावर आला. उरलेल्या दोन तारांत तो जवळजवळ दुप्पट झाला होता.

"बंद करा!" ती ओरडली. मोटार वाचली.

आता हे काय झाले ते मला त्या मुलीने जसे समजावले तसेच सांगतो. गिरणीची मोटार तीन फेजवर चालते. तिघा गड्यांनी मिळून एक तुळई खांद्यावर घ्यावी तसे. चालता चालता एकाने खांदा काढून घेतला तर तुळई लगेच पडत नाही. उरलेले दोघे धापा टाकीत ती ओढत नेतात. मोटारही तशीच. उभी असताना एक फेज नसेल तर ती सुरूच होत नाही, नुसती गुंगुं करते. पण फिरत असताना एक फेज तुटली तर ती थांबत नाही. दोन फेजवर फिरत राहते, त्या दोन गुंडाळ्यांतून बेसुमार प्रवाह वाहतो आणि काही मिनिटांत त्या करपतात. गंमत अशी की फिरती मोटार त्या तुटलेल्या फेजलाही आपल्यातली थोडी वीज परत देते. म्हणून घरातले दिवे अगदी विझत नाहीत, मान टाकतात. ताईला जे दिसत होते ते नेमके हेच.

आणि फेज तुटत होती कुठे? बाहेर खांबावर नव्हे, आमच्याच मेन स्विचमध्ये. उन्हाळ्यात एसी आणि गीझर घेतले तेव्हा पैसे वाचवायला भाच्याने जोडणी स्वतः केली होती. ॲल्युमिनियमची तार थिंबल न लावता, तशीच पिळून, तांब्याच्या तारेबरोबर एका स्क्रूखाली दाबली होती. ॲल्युमिनियमवर हवेने पापुद्रा धरतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. घरचा सारा भार त्याच एका फेजवर. दिवसा गिरणी एकटी चाले तेव्हा जोड टिकून राही. संध्याकाळी घरचा भार पडला की सुटे. स्विच उघडला तेव्हा त्या टोकाजवळचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी झाले होते.

"मग मीटर दोनशेतीस कसं दाखवत होतं?" भाच्याने विचारले.

"तो एकाच फेजवर जोडलाय, दादा. चांगल्या फेजवर," ती म्हणाली. "त्यानं खोटं सांगितलं नाही. त्याला तुम्ही तेवढंच विचारलं होतं."

भाचा मटकन पोत्यावर बसला. माझीही मान खाली गेली. कारण हिशेब मांडून पाहिला तर तिघांनी आम्हाला आधीच बजावले होते. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले, त्यांना आम्ही चोर ठरवले. रिले पुनःपुन्हा मोटार बंद पाडून सांगत होता, त्याची चकती फिरवून आम्ही तोंड बंद केले. ताई रोज संध्याकाळी सांगत होती, तिला गिऱ्हाईक खोळंबल्याचे ऐकवले.

वाचकहो, ही गिरणी लहान आहे, पण गोष्ट लहान नाही. विजेची 'फॅट' म्हणजे तरी काय? तिचा दाब ठरल्याप्रमाणे असावा, तिन्ही फेज समतोल असाव्यात, मधे क्षणभरही खंड पडू नये आणि तिची लाट स्वच्छ असावी. आपल्या घरात येणारा दाब साधारण २३० व्होल्ट. १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांनी घरगुती दाबात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ देऊ नये असे बंधन घातले होते. म्हणजे हा विचार काही कालपरवाचा नव्हे. दाब कमी झाला तर दिवा मंद होतो आणि आपण कुरकुरतो. पण मोटारीचे दुःख मोठे असते. दाब शंभराचा ऐंशी झाला तर मोटारीची ओढण्याची ताकद ऐंशी राहत नाही, चौसष्टवर येते. भार तोच, ताकद कमी. मग ती प्रवाह जास्त ओढते आणि तापते. तारांवरच्या लेपाचा हिशेब इंजिनिअर मंडळी अशी सांगतात की नेहमीपेक्षा दहा अंश जास्त तापत राहिला की त्याचे आयुष्य निम्मे होते. जळते त्या दिवशी आपण आश्चर्य करतो; पण मोटार कित्येक महिने जळतच असते.

गावोगावच्या वाचकांना आणखी एक जुनी आठवण असेल. भारनियमनाच्या दिवसांत शेतीचे पंप चालू नयेत म्हणून काही तास एकच फेज ठेवीत. त्यावरही हिकमती माणसे कपॅसिटर लावून तीन फेजचा पंप फिरवीत. पंप फिरे, पण गावातले दिवे निखाऱ्यासारखे होत आणि पंपाचे आयुष्यही उतरे. २००५ नंतर महाराष्ट्रात गावठाणाची वीजवाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी करण्याचे काम सुरू झाले, त्याचे एक कारण हेच होते.

मोठ्या धंद्यात तर नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला. आजचे संगणकावर चालणारे माग अर्धा सेकंद दाब खचला तरी थांबतात. आपल्या घरात दिव्याने फक्त डोळा मिचकावलेला असतो. तिकडे माग पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो तागा दुय्यम ठरतो. वीज गेलीच नाही, मग भरपाई कुणाकडे मागणार? शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत विजेच्या भट्ट्या आहेत. अशा भट्ट्या वीज सरळ लाटेने न ओढता तुकड्यातुकड्यांनी ओढतात आणि योग्य गाळणी नसेल तर त्यामुळे साऱ्या वाहिनीची लाट गढूळ होते. आपण तरी सोवळे कुठे आहोत? घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हेही थोड्या प्रमाणात तेच करतात. एकेकट्याने काही बिघडत नाही. मोठ्या कचेरीत असे शेकडो एकत्र आले की जिच्यात फारसा प्रवाह नसावा ती न्यूट्रलची तारच तापू लागते.

वारणानगरलाच १९९८ साली मोठ्या हौसेने एक प्रयोग झाला. आसपासच्या सत्तर गावांत संगणक बसवले. शेतकऱ्याने आपल्या उसाची नोंद, तोडणीचा हुकूम, बिल गावातच पाहावे ही कल्पना. देशभर त्याचे नाव झाले आणि पुढे काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या संदेशावर देण्याचाही प्रयत्न झाला. पण खेड्यात संगणक ठेवायचा म्हटले की त्याच्या शेजारी बॅटरीची पेटीही ठेवावी लागते, हे त्या काळात ज्याने ज्याने असे काम केले त्याला सांगायला नको. गिरणी क्षणभर अडखळली तर पुन्हा फिरते. संगणक क्षणभर अडखळला तर अर्ध्या तासाचे टिपण पुसून जाते.

मग घरी काय करावे? स्टॅबिलायझर आणला की झाले, असे पुष्कळांना वाटते. दाब हळूहळू कमीजास्त होत असेल तर तो उपयोगी आहे. पण सैल जोडाला तो काही करू शकत नाही. वीज आल्या आल्या फ्रिज लावू नका, चारपाच मिनिटे जाऊ द्या. पंप वा गिरणी असेल तर फेज तुटताच मोटार बंद पाडणारे साधन बसवा आणि बसवल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवा. घरचा भार तिन्ही फेजवर वाटून घ्या. अर्थिंग आहे का हे कागदावर नव्हे, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा : घरातले काही दिवे मंद आणि काही एकाएकी झगझगीत झाले तर तो न्यूट्रल तुटल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्टही घरात शिरतात. टीव्ही, फ्रिज वाचवायला धावू नका, मुख्य स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. दिवे केव्हा मंद होतात, कोणत्या खोलीतले होतात, त्या वेळी काय चालू असते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. तक्रार करायला जाल तेव्हा "लाइटचा फार त्रास आहे" यापेक्षा ते चार आकडे अधिक काम करतील. आणि दोष आपल्याच घरात असेल तर तोही त्यातूनच उमगेल.

आता राहिली मिस्त्रींची गोष्ट. मेन स्विच बदलला, तारांना थिंबल लागले, भार वाटला गेला, रिलेची चकती त्या मुलीने मोटारीवरच्या पाटीत बघून योग्य आकड्यावर आणली. गिरणी नीट चालली. बचत गटाची निम्मी भाजणी तोवर दुसऱ्या गिरणीत गेली होती, ती काही परत आली नाही. ते सोसले. पण ताई म्हणाली, "मोटारीचं झालं. माणसाचं काय?"

पाडव्याच्या सकाळी भाचा आणि मी मिस्त्रींच्या घरी गेलो. फराळाचा डबा होता, राहिलेले पैसे होते. ओसरीवर ते एका पंपाचे बेअरिंग धुवीत बसले होते. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी नको ते बोललो. चूक आमची होती." त्यांनी हात पुसले, पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही घरी येऊन बोललात, बरं वाटलं. पण त्या दिवशी चारचौघांत बोलला होता."

यावर काय उत्तर देणार?

भाच्याने दिले. तुळशीच्या लग्नापर्यंत गिरणीत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, विचारो न विचारो, तो सांगत होता की मोटार मिस्त्रींच्या हातची चांगलीच होती, जोड माझ्या हातचा खोटा होता. त्या दोघा बागायतदारांच्या घरी तो स्वतः जाऊन आला. त्यातला एक पंप मिस्त्रींकडे परत आला. दुसरा आला नाही.

मी परवा ताईला फोन केला होता. तिकडून गिरणीचा आवाज ऐकू येत होता. "देवघरातला दिवा कसा आहे?" मी विचारले. ती म्हणाली, "चांगला आहे. आता रोज संध्याकाळी तुझा भाचाच येऊन विचारतो, आई, दिवा बघितलास का म्हणून."